लक्ष पायात आहे

तरुणपणी मी फार हुशार होते. असं मीच म्हणायचे, दुसऱ्या कोणाला म्हणायला वेळ न देता. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होते. कडक इस्त्रीची साडी, बोटांना खडू आणि जिभेला धार. मुलं मला घाबरायची आणि मी त्याला शिस्त म्हणायचे.

गुरुवारचा शेवटचा तास नृत्याचा असे. नृत्याच्या बाई मवाळ. मी दारात उभी राहून आवाजात मध घोळवत म्हणायचे, "बाई, अपूर्णांक राहिलेत हो. आजचा तास मला द्याल?" त्या वाकून घुंगरू सोडायला लागत. महिन्यातले दोन गुरुवार तरी मी असे पळवले असतील. गंमत म्हणजे नवरात्रात मी स्वतः बे टाळी, तीन टाळी मोजत घामाघूम होईपर्यंत फेर धरायचे. पण तो गरबा. गरब्यालाही नाच म्हणतात, हे बडोद्यात राहून माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

चौथीत एक मुलगी होती, रेल्वे कॉलनीतली. लिहिण्यात सुमार, पण तोंडी पाढे खडाखड म्हणायची. मला संशय आला. एकदा वाकून पाहिलं तर बाकाखाली पाय चाललेले. तेरा एके तेरा, टाच. तेरा दुणे सव्वीस, चवडा.

"हे काय चाललंय?"

"बाई, पायांना पाठ आहे," ती म्हणाली.

वर्ग हसला. मला वाटलं, माझीच टिंगल चाललीय.

"पाय वर घे. बाकावर मांडी घालून बस. हं, आता म्हण."

ती तेरा चोकपर्यंत आली आणि अडली. बावन्न काही बाहेर येईना. मांडीखाली दाबून धरलेले पाय ठेका धरायला धडपडत होते, ते मला आज दिसतात. तेव्हा दिसला तो माझा विजय. "पाहिलंत?" मी वर्गाला म्हटलं. "याला म्हणतात पोपटपंची."

त्या सहामाहीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला: लक्ष पायात आहे, डोक्यात नाही. इतका झकास जमला की शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. एकीला हसताना चहाचा ठसका लागला, तेव्हा पुन्हा वाचला. नृत्याच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तिचं पायातून डोक्यात चढतं. चढू द्या की."

"तुमचा जिनाच उलटा आहे हो," मी म्हटलं. पुन्हा हशा. मी त्या दिवशी घरी तरंगत गेले.

पुढच्या गुरुवारी ती मुलगी नाचाच्या तासाला बाहेर, व्हरांड्यात, गणिताची वही घेऊन बसलेली. वडिलांनी नाच बंद केला होता. आतून ठेका ऐकू येत होता आणि ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. वार्षिकला तिचे तोंडी पाढेही गेले. "बघा, मुळात कच्चीच," असं मी म्हटलं. म्हटलंच, नाकारून काय उपयोग?

निवृत्तीच्या जरा आधी रावपुऱ्यात एका साडीच्या दुकानात एका बाईंनी वाकून माझ्या पाया पडून विचारलं, "ओळखलंत?" मी नेहमीप्रमाणे ओळखल्याचं सोंग केलं. ती हसत म्हणाली, "लक्ष पायात आहे, डोक्यात नाही. घरी अजून म्हणतात, बाई. माझ्या हातून दूध उतू गेलं तरी तेच. नववीला गणितात अडकले, मग शाळाच सोडली." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हसली म्हणून मीही हसले. माझाच विनोद, दाद नको द्यायला? कुठे राहतेस, एवढंही विचारलं नाही. साडीचा रंग मात्र तिला विचारून घेतला. ती साडी मी एकदाही नेसले नाही.

हे सगळं कोणाला सांगायचा माझा विचार नव्हता. पण गेल्या महिन्यात बडोद्यातच, अकोट्याच्या आमच्या घरी सूनबाई नातीची वही घेऊन आली. नात पाचवीत, इंग्रजी शाळेत, आणि कथ्थक शिकते. गणितात मार्क कमी पडलेत.

"आई, कथ्थक बंद करावं म्हणते. तुम्ही गणिताच्या बाई. तुम्ही म्हणाल ते अंतिम."

अंतिम! नात दाराशी उभी, डोळे भरलेले, पण पाय गप्प नाहीत. मी विचारलं, "काय करतेस गं?"

"तिहाई. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा, मध्ये एकेक मात्रा गॅप. सतरा होतात."

मी लगेच झडप घातली. "तुझा ताल सोळाचा ना? सोळात सतरा कुठे बसवणार?"

"अरे जो ने, बघ ना, आजी!" तिने हातावर टाळी देत ठेका धरला आणि नाचून दाखवलं. शेवटचा पाय बरोबर समेवर पडला. "सोळा संपले की सतरावी म्हणजे पुढची पहिली. तिथेच तर यायचं असतं."

सतराला सोळाने भागलं की बाकी एक, हे मी आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. हिने ते टाचेने शिकवलं, आणि मला व्हरांड्यातली ती वही आठवली.

मग मी सूनबाईला सगळं सांगितलं. बाकावरची मांडी, शेरा, साडीचं दुकान. एरवी माझे किस्से ऐकून ती हसते. या वेळी हसली नाही. नातीने विचारलं, "मग तू सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"का?"

त्या मुलीचं माहेरचं नाव आठवतं, सासरचं विचारलंच नव्हतं. शाळाही आता बंद झाली. शोधायचं तर रेल्वे कॉलनीपासून सुरुवात करावी लागेल. परवा रिक्षाने फाटकापर्यंत जाऊन आले. आत जायला पाय उचलले नाहीत. पुन्हा जाईन म्हणते.

कथ्थक चालू आहे. नातीचे मार्क वाढले म्हणाल तर फार नाही. संध्याकाळी मी तिचे पाढे घेते. काल ती सोफ्यावर मांडी ठोकून बसली आणि थर्टीन फोर्सला अडली.

मी म्हटलं, "पाय खाली सोड."