बोंबलांच्या भिंतीतला पंखा

आमच्या झाई गावच्या घरातलं बाथरूम म्हणजे भात उकडायचं टोप. मी आंघोळ करून बाहेर पडलो की मागून ढग निघायचा. आरशात काही दिसायचं नाही, दाढी अंदाजाने. एकदा अर्धी मिशी गेली, तेव्हा नवसाची आहे म्हणून सांगितलं आणि दोघातिघांनी हातही जोडले. शेवटी ठरवलं, एक्झॉस्ट फॅन बसवायचा. तोही स्वतः.

"वायरमनला बोलवा," बायको म्हणाली.

"मी? भर समुद्रात बोटीचं इंजिन दातांनी उघडलेला माणूस मी!"

"उघडलंत खरं. मग बोट ओढत कुणी आणली?"

मी थेट कामाला लागलो. मेन स्विच बंद केला आणि छिन्नी-हातोडा उचलला. एकेक ठोका असा, की पलीकडे गुजरातेतली माणसं "शुं थयुं?" म्हणत हद्दीपर्यंत आली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून भोकाला बाहेरच्या बाजूला उतार दिला, पंखा बसवला, फटी सिमेंटने बुजवल्या. स्क्रू न गंजणारे घेतले, कारण आमच्या खाऱ्या हवेत साधा खिळा हातोडा खाली ठेवेपर्यंत लाल होतो. मेन चालू करून पंख्याचा स्विच दाबला. बाहेरच्या झडपा फडाफड उघडल्या आणि खुंटीवरचा टॉवेल आडवा झाला. घर वीतभर पुढे सरकलं असं माझं मत आहे. बायको मानत नाही.

फक्त भिंतीच्या पलीकडे काय आहे, हे बघायचं राहून गेलं होतं.

पलीकडे बायकोचे बोंबील वाळत होते. बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्या आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गंजाडकडच्या गावांतल्या बाया बाजार सोडून तिच्या दारात येतात, कारण तिचे बोंबील मोडले की आवाज येतो. त्या आठवड्यात मात्र मळभ धरलं होतं. माल अजून मऊच. आणखी थोडी ओल लागली असती तर सगळा खतात गेला असता, आणि तिचं नावही त्याच्याबरोबर.

आणि मी नेमकी तेव्हाच उद्घाटनाची आंघोळ काढली. कढत पाणी, बादलीवर बादली, वर गाणं.

"अहो! बाहेर या! माझे बोंबील न्हायला लागले!"

टॉवेल गुंडाळून धावलो. पंख्यातून वाफेचा लोट थेट दोऱ्यांवर. बायको एक बोंबील चिमटीत दाबून बघत होती.

"उद्या वास सुटेल," ती हळू आवाजात म्हणाली.

वादळाला न भ्यालेला मी त्या हळू आवाजाला भ्यालो. पण तसं दाखवलं नाही.

"पंखा माझा आहे. सांगेन ते ऐकेल."

गिझर बंद, नळ बंद. फरशी, भिंती, बादल्यासुद्धा कोरड्या पुसल्या, बाथरूमचं दार सताड उघडं टाकलं आणि पंखा चालू. आता त्याच भोकातून बाहेर कोरडा वारा सुटला. दोऱ्या आलटून पालटून आम्ही दोघांनी त्या वाऱ्यापुढे आणल्या. आभाळ उघडेपर्यंत पंखा थांबला नाही आणि घरात कुणी तांब्याभर पाणी अंगावर घेतलं नाही. मी आंघोळीला मेहुण्याच्या वाडीतल्या विहिरीवर.

"काय भावोजी, नवा फॅन बसवला ना? मग इकडे कसे?"

"त्याला सध्या महत्त्वाचं काम आहे."

आभाळ उघडल्यावर गंजाडची एक नेहमीची गिऱ्हाईक मावशी आली. टोपली खाली ठेवायच्या आधीच तिने एक बोंबील मोडला. कट्! तो आवाज पार तालुक्याला, तलासरीला ऐकू गेला असणार.

"बाजारात सगळा लगदा पडलाय गं. तुझेच तेवढे कडक," म्हणत तिने टोपली भरायला घेतली.

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी मात्र भिंतीवर हात फिरवत उभी राहिली.

"अहो, इथे आणखी एक पंखा मावेल?"

"एक? चार मावतील!"

"मग बसवा. आणि तुमचा साबण-टॉवेल माझ्या भावाकडेच राहू द्या."