लहू ओव्हाळची हिलमन

रामनाथ नाडकर्णीने पंतनगरच्या दूधकेंद्रावर गाडी घातली तेव्हा सकाळची रांग अजून मोडायची होती. ती त्याने मोडली. मागे घ्यायची म्हणून त्याने गिअर टाकला, पण हिलमनचं मत वेगळं पडलं. ती पुढे गेली, केंद्राच्या लोखंडी खांबाला कपाळ टेकून थांबली आणि फळीवरचे बाटल्यांचे क्रेट खाली आले. रस्त्यावर दूध, दुधात काचा, काचांत निळी टोपणं, आणि भोवती दुधाची कार्डं धरून उभ्या असलेल्या पंतनगरच्या समस्त बायका. पायजम्यातला रामनाथ स्टिअरिंग सोडायला तयार होईना. ते सोडलं की दार उघडून बाहेर यावं लागणार होतं.

गाडी त्याची नव्हतीच. ती लहू ओव्हाळची, आणि लहू शेजारच्या सीटवर बसला होता. त्याने खिशातून कंगवा काढून आधी भांग सरळ केला, मग तो उतरला, रेडिएटरमधून गळणाऱ्या पाण्याकडे आणि गटाराकडे निघालेल्या दुधाकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "नाडकर्णी, बेळगावला मामाची गाडी हाकायचो म्हणालास, तिला बैल होते का रे?"

बायका हसल्या. हसल्या म्हणून प्रकरण पोलिसापर्यंत गेलं नाही.

लहूचं हे असंच होतं. पवईच्या इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात तो आणि रामनाथ एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. रामनाथ पुस्तकांवर नंबर घालायचा आणि लहू ती पुस्तकं द्यायचा-घ्यायचा. मोठमोठे प्राध्यापक त्याच्यापुढे शाळकरी पोरांसारखे उभे राहत, कारण पुस्तक उशिरा आणणाऱ्याची तो सगळ्यांदेखत फिरकी घ्यायचा. टेरिलीनचा शर्ट, त्याला सुरीसारखी इस्त्री, केसांना चमेलीचं तेल, आणि ग्रंथालयाच्या आतसुद्धा काळा चष्मा. कुणी विचारलं तर म्हणे, "माझ्या बापाने उन्हात रस्त्याची खडी फोडली. त्याच्या वाटणीचा चष्मा मी लावतो." हसत हसत म्हणायचा. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

ज्या वर्षी पेट्रोल भडकलं आणि गाडीवाले गाड्या विकून बसच्या रांगेत उभे राहिले, त्या वर्षी लहूने गाडी घेतली. एक प्राध्यापक परदेशी चालले होते, त्यांची ही जुनी हिलमन. रंग मोरचुदी, दारं चार, पण उघडायची तीन. यंत्रातलं लहूला काडीचं कळत नव्हतं. बॉनेट उघडून तो आत असं बघायचा की जणू विहिरीत कुणी पडलंय आणि ते आपल्या ओळखीचं आहे का, ते पाहतोय. मग हळूच बॉनेट मिटायचा, रुमालाने पुसायचा, आणि चंदर मेकॅनिककडे माणूस धाडायचा.

एवढी गाडी कशासाठी, तर आईसाठी.

सुंदराबाईंचं गाव पाटोद्याकडे, बीड जिल्ह्यात. एका दुष्काळात नवरा गेला आणि त्या लहूला कडेवर घेऊन आष्टी, कडा करत नगरच्या स्टेशनापर्यंत पायी आल्या. गोवंडीला पालात राहिल्या, लोकांची धुणीभांडी केली, पोराला शिकवलं, आणि आता हायवेच्या कडेच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्यांच्या मालकीण होत्या. गावाला त्या परत कधी गेल्या नाहीत. जायचं ते आता, आणि एकदाच. छातीत पाणी होत होतं, पाय सुजत होते. डॉक्टरांनी लहूला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं.

त्यांची इच्छा अगदी बारीकसारीक ठरलेली होती. गावच्या वेशीतून, जिथून त्या चपला हातात घेऊन जायच्या तिथून, लेकाच्या गाडीतून आत जायचं. चावडीसमोर गाडी उभी करायची. उतरायचं नाही. काच खाली करून बसायचं, सगळ्यांनी बघून होईपर्यंत. ह्या काचेचा त्या वस्तीत उभ्या गाडीत बसून रोज सराव करायच्या. काच फिरवायची मूठ कधीकधी हातातच यायची. मग शेजारणींना दाखवत म्हणायच्या, "बगा, हिचंबी माझ्यावानीच झालंय, सांधं सुटल्यात."

तर दूधकेंद्राच्या त्या खांबाने प्रश्न उभा केला तो हा, की हिलमन वाटेत बंद पडली तर काय.

रामनाथकडे त्याचं उत्तर तयार होतं. फोर्टात मोटारमालकांचं एक मंडळ होतं आणि तिथे त्याचा मेव्हणा नोकरीला होता. स्वतः सायकलच्या वर कधी न चढलेला रामनाथ त्यामुळे मंडळाचा बिनपगारी प्रचारक झाला होता. मंडळाचं सभासद व्हायचं, गाडीच्या नाकावर त्यांचा पितळी बिल्ला लावायचा. कुठेही गाडी बंद पडली की जवळच्या गावातून फोन करायचा, आणि मंडळाने नेमलेल्या गॅरेजचा माणूस धावत येतो, गाडी ओढून नेतो, रात्र झाली तर मुक्कामाची सोय बघतो. नगरला असं एक गॅरेज होतं. रामनाथने हे सगळं लहूच्या घरी बसून त्याला सुखी संसाराची गुरुकिल्ली दिल्यासारखं सांगितलं.

लहूने एकच विचारलं. नगरचा माणूस यायला समजा अर्धा दिवस लागला, तर तोवर आई कुठे बसेल आणि पाणी कुणाकडे मागेल?

रामनाथ म्हणाला, एवढंच ना, जवळच्या घरी.

ह्यावर सुंदराबाई बोलल्या. आवाज न चढवता, भाजी निवडता निवडता बोलल्या. "त्या वाटंवर म्या एकदा पानी मागितलंय, रामभाऊ. लेकरू तापलं हुतं. बाई म्हनली, लांब बस, वरून ओतते. ती वाईट नव्हती, घरचे तिला बोलले असते. आता दुसऱ्यांदा न्हाई मागायची. तहानंनं मेले तर मेले."

रामनाथला वाटलं, आता तसं काही राहिलेलं नाही. त्याने तसं म्हटलंही. लहू हसला आणि त्याने काळा चष्मा पुसला.

दुसरा मार्ग त्या काळी सगळेच जुन्या गाडीवाले धरत. सरळ मेकॅनिकलाच बरोबर न्यायचं. मागच्या सीटवर पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मेकॅनिक म्हणजे चालता-बोलता विमा, फक्त तो दर दोन तासांनी चहा मागतो. चंदर मेकॅनिकचं गॅरेज आग्रा रोडला. त्यानेच हिलमनचा रेडिएटर डागून दिला होता. माणूस सोन्यासारखा, लहूचा दोस्त, एका बशीतून दोघं चहा प्यायचे. आणि तो पारनेरचा, म्हणजे नगरचा रस्ता त्याच्या पायाखालचा. लहूने विचारलं, चंदर लगेच तयार झाला. म्हणाला, चार दिवस गॅरेज बंद ठेवू, त्यात काय. मग हात पुसत म्हणाला, "डबा नि पाण्याचा कॅन मात्र माझा मी घेतो हां, लहू. इथे आपलं चालतं यार. तिकडे रस्त्यात कोण भेटंल, घरी जाऊन सांगंल, उगाच म्हातारीला ताप."

"म्हातारी कुणाची, तुझी की माझी?" लहूने विचारलं.

"माझी रे," चंदर म्हणाला. अगदी सरळ मनाने.

लहूने घरी येऊन ह्याची नक्कल करून दाखवली. चंदर कॅन काखेत मारून कसा बसेल, आणि खड्डा आला की कॅनला कसा मिठी मारेल. वस्तीतले लोक पोट धरून हसले. सुंदराबाई हसल्या नाहीत. आपल्याच लेकाच्या गाडीत, आपल्याच शेजारी, आपलं पाणी न पिणाऱ्या माणसाला घेऊन गावात शिरायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. विषय संपला.

मग लहूने स्वतःचा मार्ग काढला. नगर सोडायचं आणि नाशिकवरून जायचं. नाशिकला त्याचा रात्रशाळेतला मित्र, येवल्याला आईची मावसबहीण, औरंगाबादेत ओळखीचे मास्तर, बीडला आत्याचे जावई. प्रत्येक टप्प्याला आपली वस्ती, आपला उंबरा. गाडी कुठेही बसली तरी फार तर एक मजल चालायचं. रस्ता दुप्पट नाही तरी बराच लांब, आणि येवल्याच्या पुढे तर खड्ड्यांचाच. रामनाथला हा शुद्ध वेडेपणा वाटला. आजारी बाईला घेऊन एवढा वळसा? तोही एका रेडिएटर-डागल्या गाडीतून?

त्याने फार विचार केला. रामनाथ मनाने चांगला होता, हे लहूही कबूल करायचा. आपल्या हातून गाडीला धक्का लागला, तर तिच्या प्रवासाची काळजी आपणच घ्यायला हवी, असं त्याला मनापासून वाटत होतं. शेवटी ग्रंथालयात जेवणाच्या सुटीत त्याने ती युक्ती मांडली. मंडळाचा बिल्ला लावू, नगरच्याच रस्त्याने जाऊ, आणि मी स्वतः बरोबर येतो. रजा टाकतो. पुढे बसतो. गाडी बंद पडलीच, तर आईंनी गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. मी जवळच्या घरी जातो, नाव सांगतो, पाणी आणतो, चहा आणतो, फोन करतो. मला कोण नाही म्हणणार आहे?

बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. लहूने जेवणाचा डबा मिटला. मग म्हणाला, "तू गाडी चालवणार असशील तर वाटेतल्या दूधकेंद्रांना आधी कळवायला पाहिजे."

आजूबाजूचे हसले, रामनाथही हसला. रामनाथने तो नकार धरला नाही, विनोद धरला. लहू मात्र त्या आठवड्यातच निघाला, नाशिकच्या रस्त्याने, बिल्ल्याशिवाय. सुंदराबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वस्तीच्या तोंडापर्यंत काच खाली करून सगळ्यांना नमस्कार करत गेल्या.

हिलमनने येवल्याच्या अलीकडे मान टाकली. मागचा एक्सल मोडला. तिथून पुढचं लहूने ठरवल्याप्रमाणेच झालं. मावसबहिणीच्या वस्तीतून बैलगाडी आली, हिलमनला दोर लावून वाजतगाजत नेलं. कुणाच्या घरी जेवायचं ह्यावरून दोन घरांत भांडण झालं. सुंदराबाईंना कॉटवर बसवलं, पाणी पितळेच्या नव्या तांब्यातून आलं. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. एक्सल मात्र येवल्यात मिळेना, मनमाडला मिळेना. मुंबईहून मागवायचा होता. लहू बसने मुंबईला आला, चोरबाजार पालथा घातला, एक्सल खांद्यावर टाकून परत गेला. तो पोचला तोवर आईला धाप लागली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढे नेऊ नका, परत न्या.

त्या म्हणत होत्या, पुढंच चल. लहूने त्यांना मनमाडवरून आगगाडीने परत आणलं.

त्यानंतर त्या फार दिवस काढू शकल्या नाहीत. वेस, चावडी, काच, सगळं राहिलं.

रामनाथ समाचाराला गेला तेव्हा वस्तीतले लोक येऊन गेले होते. खोलीत लहू एकटाच भिंतीला टेकून बसला होता. इस्त्री नाही, चष्मा नाही.  अशा वेळी माणसं बोलतात ते रामनाथ बोलू लागला. त्यांनी कष्ट केले, मुलाचं सोनं केलं, वगैरे. लहू मान हलवत होता. बोलता बोलता रामनाथच्या मनात इतके दिवस डाचत होतं ते बाहेर पडलं. एक्सल कुठल्याही रस्त्याला मोडला असता, हे त्याला कळत होतं. पण नगरच्या बाजूला मोडला असता, तर तिथून गाव अर्ध्या दिवसावर होतं. मंडळाच्या माणसाने गाडी ओढत का होईना, वेशीपर्यंत नेली असती.

"पोचल्या असत्या रे त्या," तो म्हणाला. "मी येतो म्हणत होतो. पाणी, चहा, सगळं मी बघितलं असतं, त्यांना उतरावंसुद्धा लागलं नसतं. का नाही घेतलंस मला?"

लहूने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. ग्रंथालयात एखाद्या प्राध्यापकाने भलतंच पुस्तक मागितलं की बघायचा, तसं.

"तू पुढे बसला असतास, तर गाडी तुझी दिसली असती."