दसऱ्याच्या माथी मारलेलं बिल

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्याचा मी मॅनेजर होतो. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की आमचे फोरमन, सगळे त्यांना मामा म्हणत, नारळ फोडायचे आणि साऱ्या मशिनी क्षणभर एकदम चालू करायचे. तो मान त्यांचाच.

त्या वर्षी मागच्या बाजूला शेड बांधायला घेतली होती. बांधकामासाठी वेगळं तात्पुरतं कनेक्शन घ्यायला हवं होतं. त्यासाठी वीज कंपनीत खेटे कोण घालणार? मी ठेकेदाराला म्हटलं, "आपल्याच लाइनवर जोडा." वेल्डिंग मशिनी, मिक्सर, सगळं कारखान्याच्या मीटरवर चालू लागलं.

बिल आलं आणि शेठ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त जितकी वीज खेचली जाते, त्यावर मागणी आकार लागतो. आम्ही मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त खेचली होती, म्हणून वर दंड.

"हे कशानं झालं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दसऱ्याला सगळ्या मशिनी एकदम..."

शेठ तसेच कामगारांत गेले. "मामा, नारळ फोडायला सांगितला होता, माझं डोकं नाही! पुढच्या वर्षी पूजा मी करीन." पोरं हसली. मामाही हसले. बाकीचे गप्प झाल्यावरही थोडा वेळ हसतच राहिले.

मी तक्रारीचा अर्ज घेऊन वीज कंपनीच्या कल्याणच्या कार्यालयात गेलो. अर्जातही दसराच लिहिला होता. तिथल्या इंजिनिअर बाईंनी मीटरची नोंद संगणकावर पाहिली.

"काका, दसरा सोडा. त्या दिवशी तुम्ही मर्यादेतच आहात. हा लोड नंतरच्या एका दुपारचा आहे. बांधकाम चाललंय का तुमच्याकडे?"

मी मान हलवली.

"मग तात्पुरतं कनेक्शन नको का घ्यायला? आता हे भरावंच लागेल."

परत येऊन शेठना एवढंच सांगितलं, "अर्ज फेटाळला." पुढचा दसरा यायच्या आत मामांनी नोकरी सोडली. गुडघे दुखतात म्हणाले.

निवृत्तीनंतर एकदा खोपटला त्यांच्या मुलीकडे गेलो, आज सांगायचंच असं ठरवून. मामा पलंगावर होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "साहेब, तेव्हा माझ्यामुळं तुम्हाला कल्याणला खेटे घालावे लागले. राहूनच गेलं होतं, माफ करा."

"जाऊ द्या हो मामा," मी म्हणालो. मुलीनं आणलेला चहा घाईघाईनं प्यायलो आणि उठलो.

त्यानंतर त्या घरी गेलो तो त्यांच्या तेराव्याला.

मामा, दसऱ्यानं काही झालं नव्हतं. ती वायर मी जोडायला लावली होती. मला माफ करा.