तासाच्या आत पोचायचं नाही

तुमच्या मुलाने आज गाडी किती वेगात चालवली, हे तुम्हाला कोण सांगतं?

आमच्या घरी ते डहाणूच्या रिक्षा स्टँडवरचे एक काका सांगायचे. सांगायचे म्हणजे बोलायचे नाहीत. माझा धाकटा भाऊ तलासरीहून मोटरसायकलवर डहाणूच्या कॉलेजला जायचा. आधी स्टँडवर थांबून काकांना तोंड दाखवायचं, मग कॉलेज. काका आमच्या बाबांना मिस कॉल द्यायचे. इकडे घरात बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्याला निघून तास झाला असेल तर ते पेपर उघडायचे. झाला नसेल तर संध्याकाळी गाडीची चावी त्यांच्या खिशात जायची.

तासाच्या आत पोचायचं नाही. नियम एवढाच होता.

बाबा कामगारांच्या युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पत्रकं नव्हती अशी जागा नव्हती. वह्यांना कव्हर पत्रकांचं, फडताळात अंथरलेली पत्रकं, पापड वाळायचे पत्रकांवर. मी वाचलेलं पहिलं जोडाक्षर ‘हक्क’ या शब्दातलं. त्यामुळे घरात नियम आला की तो कोणी केला आणि कोणाला विचारून केला, हे विचारायची मला सवय होती. ही सवय बाबांनीच लावली होती आणि तिचा त्रासही त्यांनाच व्हायचा.

भावाला अठरा पूर्ण होईपर्यंत बाबांनी गाडीला हात लावू दिला नव्हता. आमच्या ओळखीत चौदा-पंधराची पोरं बुलेट फिरवायची. बाबा त्यांच्या आईबापांशी रस्त्यात भांडायचे. अठरा झाली, लायसन आलं, मग जुनी गाडी घेतली. घ्यावीच लागली. प्रॅक्टिकल सकाळी लवकर असायचं आणि त्या वेळेला धरून एसटी नव्हती. गाडी नसती तर त्याचं सायन्स सुटलं असतं.

बाबांना भीती होती. आमचं मूळ गाव डोंगराकडचं, भात-नाचणीचं. तिथला एक मुलगा हायवेवर अच्छाडजवळ ट्रकखाली आला होता आणि त्याला ओळखायला बाबांना बोलावलं होतं. तिथे काय बघितलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. गाडी आली त्या दिवशी त्यांनी फक्त नियम सांगितला.

मी तेव्हा बी.ए. करत होते आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत होतं. एका कारखान्यात बायका लघवीला गेल्या की सुपरवायझर घड्याळ लावायचा. त्याच्याविरुद्ध बाबांनी पत्रक काढलं होतं आणि मी ते शाळकरी वयात वाटलं होतं. मी म्हटलं, “बाबा, त्या सुपरवायझरमध्ये आणि तुमच्यात फरक काय?”

“तो माणूस लवकर परत यावा म्हणून घड्याळ लावायचा. मी पोरगा उशिरा पोचावा म्हणून लावतो.”

“घड्याळ तेच आहे ना?”

“घड्याळाचा काय दोष? ते कोणाच्या हातात आहे ते बघायचं.”

आई भाकरी थापत होती. “दोघांनी भाषणं बाहेर द्या,” ती म्हणाली. “आत जागा नाही.”

एक गोष्ट इथे सांगायला हवी. बाबांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. जन्मभर ते एसटीने फिरले, आणि एसटी किती वाजता सुटली, किती वाजता लागली एवढंच प्रवाशाला कळतं. मधे ड्रायव्हरने काय केलं ते कोण विचारतो? वेग म्हणजे त्यांच्या लेखी सुटायची वेळ आणि पोचायची वेळ. मधला रस्ता त्यांच्या हिशोबात नव्हताच.

भाऊ एकदा म्हणाला, “बाबा, एकदा मागे बसा ना. मी कसा चालवतो ते बघा तरी.”

“मला बसून काय कळणार? मला वेळ कळते.”

“घाबरता?”

“तुझ्या आईला विचार, मी कोणाला घाबरतो.”

“मला,” आई म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

बाबांना नियम लागू पडतोय असं वाटलं. आणि बाबांना एखादी गोष्ट लागू पडली की तिचं पत्रक निघायचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, कारण किनाऱ्याकडच्या चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरांत पेपरसुद्धा गुजराती यायचा. वर मोठ्या अक्षरांत: ‘पालकांनो, घड्याळ हाती घ्या.’ खाली पद्धत. मुलगा निघाला की वेळ बघा. पोचेल तिथे ओळखीचा माणूस ठेवा. त्याने मिस कॉल द्यावा, फोनचा खर्च नाही. तेव्हा निम्मा तालुका मिस कॉलवर चालायचा, त्यामुळे पत्रक कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. एसटी स्टँडवर, बाजारात, मच्छीवाल्या बायकांच्या टोपल्यांपाशी, सगळीकडे ते गेलं. धाकटी डहाणू या गावात खाडीवर राहणाऱ्या एका बाईने ते जपून ठेवलंय असं काकांनी सांगितलं, तेव्हा बाबा दिवसभर खुशीत होते. चार-दोन घरांत नव्हे, बऱ्याच घरांत ती पद्धत सुरू झाली. रिक्षा स्टँडवरच्या काकांकडे आता सकाळी पोरांची रांग लागायची. ते म्हणायचे, “मला पगार द्या रे कोणीतरी. हजेरी घेणारा मास्तर झालोय मी.”

एका सकाळी मी टेम्पोत पुढे बसून डहाणूला चालले होते. डहाणू थोडं राहिलं की चिकूच्या वाड्या सुरू होतात, तिथे एक वळण आहे आणि वळणावर रस्त्याखालून पाणी जायला मोरी. मोरीच्या कठड्यावर सात-आठ पोरं बसली होती. गाड्या कडेला लावलेल्या. मधोमध माझा भाऊ, हातात अर्धा चिकू.

मी टेम्पो थांबवला.

“तुझं कॉलेज?”

“आहे ना. अजून वेळ आहे.” त्याने मोबाईलमध्ये बघितलं. “बराच आहे. बस ना ताई, चिकू खा.”

“इथे काय करताय सगळे?”

“वेटिंग रूम,” एक पोरगा म्हणाला. सगळे हसले.

मग त्यांनीच सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तास भरायचा असतो. जोरात आलं की तो इथे बसून भरायचा. तास भरला की हळूहळू स्टँडवर जायचं. त्यातही आता शर्यत होती: जो जास्त वेळ बसला तो मोठा. एक जण सांगत होता की काल तो अर्धा तास बसला. दुसरा म्हणाला, “थापा. मी आलो तेव्हा तुझ्या गाडीचं इंजिन गरम होतं.” किनाऱ्याकडचा एक उंच मुलगा होता, वाडीवाल्याचा. तो म्हणाला, “हे तलासरीहून लवकर येतात त्यात काय? मी बोर्डीकडून येतो. माझा रस्ता बघा आणि मग बोला.”

“आणि तू?” मी भावाला विचारलं. “तू किती बसतोस?”

“मी मधला आहे,” तो म्हणाला. “मी काय इतका नाही मारत.”

मी त्याच संध्याकाळी त्याच्यासमोर बाबांना सगळं सांगितलं. मागून सांगणं मला पटत नाही. भावाने माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. मला वाटलं, आता ते नियम मोडीत काढतील. माझं भाषण तयार होतं: तुम्ही पोरांना वेळ दिला, त्यांनी त्याचीच शर्यत केली.

बाबा म्हणाले, “मग तास कमी पडतोय.”

“म्हणजे?”

“सव्वा तास करायला हवा.”

मी जे बोलले ते आता आठवत नाही. खूप बोलले असणार. आई उठून आत गेली. भाऊ एवढंच म्हणाला, “सव्वा तास मोरीवर बसायला तिथे पंखा लावा मग.” बाबांनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सव्वा तास झाला. बाकीच्या घरांतही कळवलं.

पुढचं थोडं आहे.

पावसाळा संपून रस्त्याच्या कडेला खडी पसरलेली होती. भाऊ नेहमीसारखा मोरीवर बसला होता, पाय रस्त्याकडे सोडून. तो बोर्डीकडचा उंच मुलगा वळणावरून आला आणि खडीवर त्याची गाडी आडवी झाली. गाडी घसरत कठड्याला लागली. मधे माझ्या भावाचा गुडघा होता. त्याची स्वतःची गाडी बाजूला स्टँड लावून उभी होती. तिला ओरखडासुद्धा नाही.

पोरांनी रिक्षावाल्या काकांना फोन केला. काकांनी बाबांना.

बाबांनी फोन वाजलेला ऐकला, घड्याळ बघितलं. सव्वा तास होऊन गेला होता. “आला,” ते म्हणाले आणि पेपर उघडला. फोन वाजत राहिला. “आज हा कट करायला विसरला,” बाबा म्हणाले. वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी समोर बसले होते. बाबा पेपरच्या वरून फोनकडे बघत होते, जसं आपण दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईने उचलला.

डहाणूच्या डॉक्टरांनी वापीला न्यायला सांगितलं. आम्ही डहाणूला पोचलो तेव्हा त्याला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते. डहाणूहून वापीचा रस्ता तलासरीवरूनच जातो, म्हणजे आम्ही आलो त्याच रस्त्याने परत निघालो. मोरी आली, गेली. तिथे एक चप्पल होती. आमच्या घराकडे वळणारा रस्ता आला, गेला. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. हायवेला लागल्यावर ते म्हणाले, “जरा जोरात घ्या ना.”

“काका, पुढे अच्छाडला ट्रकची लाईन आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “जोरात घेऊन उडू काय?”

मी मागे भावाजवळ होते. त्याने विचारलं, “ताई, प्रॅक्टिकल बुडालं का?” मी हो म्हटलं. मला तेव्हा काही वाटत नव्हतं. त्यानंतरही बरेच महिने वाटलं नाही. लोक भेटायला यायचे, मी चहा द्यायचे, कप धुवायचे, परत चहा ठेवायचे.

त्या उंच मुलाचे वडील दवाखान्यात आले. मुलाचा हात गळ्यात अडकवलेला होता. तो दाराबाहेर उभा राहिला, आत आलाच नाही. वडील बाबांजवळ बाकावर बसले. म्हणाले, “मी पण तुमचंच बघून चालू केलं होतं ना. बायकोला बोललो, भाई बरोबर लिहितात.”

बाबांनी मान हलवली. त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं.

गुडघा जुळला, पण वाकत नाही. गिअर टाकता येत नाही, जिना एका पायाने चढावा लागतो. ते वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी त्याने कॉलेज परत सुरू केलं, रिक्षावाले काकाच त्याला न्यायला अर्ध्या रस्त्यापर्यंत यायचे, तिथवर तो टेम्पोने जायचा. काका आता फोन करतात तेव्हा पूर्ण वाजू देतात आणि आम्ही पहिल्याच रिंगला उचलतो. मिस कॉल आमच्या घरात कोणी देत नाही.

बाबा काही दिवस कागद घेऊन बसायचे. मला वाटायचं, चुकीबद्दल पत्रक लिहिताहेत. कागदावर काही नसायचं.

गाडी अंगणात उभी होती. ती विकायची म्हटलं की भाऊ म्हणायचा, “थांबा, बघू.” मग मी शिकले. लायसन काढलं. एक दिवस बाबांना डहाणूला मीटिंगला जायचं होतं आणि एसटी चुकली. ते अंगणात येऊन उभे राहिले. “तू सोडतेस?” त्यांनी विचारलं.

ते पहिल्यांदा कोणाच्या तरी मागे बसले. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. पहिल्या चढावर मी रेस वाढवली तेव्हा बोटं रुतली. मी कमी केली, बोटं सैल झाली. पुढे उतारावर परत रुतली. असं करत करत आम्ही चाललो. त्यांनी एकदाही वेळ विचारली नाही. मोरीजवळ मी आपोआप हळू झाले, ते म्हणाले, “चल.”

वाडीच्या पुढे आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून वेगाच्या काट्याकडे बघितलं. “हा काटा शून्यावरच का?”

“बंद आहे.”

“कधीपासून?”

“घेतली तेव्हापासून. त्याला माहीत होतं. दुरुस्तीला टाकायचं राहून गेलं.”

म्हणजे तो किती वेगात जातो हे त्यालाही कधी दिसत नव्हतं. त्याच्याजवळही फक्त मोबाईलमधली वेळच होती. हे कळायला गाडीवर एकदा बसणं पुरे होतं. डहाणू येईपर्यंत बाबांचे हात माझ्या खांद्यांवर तसेच जड राहिले.

भाऊ म्हणतो, हे तू लिही, पत्रक काढू नकोस. पत्रक लोक पापडाखाली घालतात. म्हणून हे लिहिलं. तरी शेवट मला पत्रकासारखाच येतो, त्याला इलाज नाही. तुमच्या मुलीला किंवा मुलाला पोचल्यावर फोन कर असं सांगत असाल, तर सांगा. पण या आठवड्यात एकदा त्यांच्या गाडीवर मागे बसा. घरापासून कॉलेजपर्यंत, पूर्ण रस्ता. निघाल्यावर वेगाचा काटा हलतो का ते बघा. आणि घड्याळ घरी ठेवून जा.