रावसाहेब गजभिये यांचा हरणारा संघ

रावसाहेब गजभिये सिंगापुरात, आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमध्ये, एका चिनी आजीबाईंच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेऊन राहत होते. वय पंचेचाळिशीचं, अंगाने शेलाटे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. धातूला ताण दिला की आत तडे कसे जातात, यावर ते शेजारच्या विद्यापीठात संशोधन करत. असा माणूस कुठल्या खेळाच्या नादी लागला असेल असं पाहणाऱ्याला वाटलं नसतं. पण मी माझ्या लेकीकडे, स्मिताकडे, राहायला आले आणि सोमवारी दुपारी लिफ्टमध्ये त्यांचा चेहरा पाहिला, तेव्हाच ओळखलं की या माणसाचं काहीतरी पडलं आहे. नाटक पडलं की रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभ्या राहिलेल्या निर्मात्याचा असा चेहरा होतो. जन्म गेला माझा ते चेहरे बघण्यात.

"काय हो, काय झालं?" मी विचारलं.

"हरलो, ताई."

"कोण हरलं?"

"आम्ही," ते म्हणाले, आणि लिफ्टचं दार उघडलं.

हे 'आम्ही' म्हणजे अमेरिकेतल्या एका थंडगार, तळ्याकाठच्या शहराचा फुटबॉलचा संघ. सिंगापुरात फुटबॉल म्हटलं की सगळे इंग्लंडच्या क्लबांवर भांडतात. खालच्या कॉफीच्या स्टॉलवरचे अंकल रावसाहेबांच्या डोक्यावरची संघाची टोपी बघून दर वेळी म्हणायचे, "दॅट वन नॉट फुटबॉल लाह. दॅट वन यूझ हँड." रावसाहेब दर वेळी हसायचे आणि दर वेळी तीच टोपी घालायचे.

पीएच.डी.साठी ते त्या शहरात गेले तेव्हा वर्ध्याहून थेट बर्फात पडले होते. पहिल्या हिवाळ्यात कुणाशी बोलणं नाही, कुणाकडे जाणं नाही. मग प्रयोगशाळेतल्या पोरांनी एकदा उचलून मैदानावर नेलं. हुडहुडी भरलेली पाहून शेजारच्या एका अनोळखी जाड्या माणसाने आपल्या ब्लँकेटचं अर्धं टोक यांच्या मांडीवर टाकलं. संघ त्या दिवशी वाईट हरला. "आणि ताई, हरल्यावर कुणी उठलंच नाही," रावसाहेब सांगायचे. "जिंकलेले लोक भराभरा घरी गेले. आमचे लोक बसून राहिले, एकमेकांना शिव्या देत, पाठी थोपटत. मी पण बसलो. त्या दिवसापासून मी त्यांचा."

सिंगापुरात त्यांनी आणखी दोघांना या रोगाची लागण केली. एक अमेय, पुण्याचा, बँकेच्या आयटीत मॅनेजर, राहायला चोआ चू कांगला. तो कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं त्याच शहरात राहून आला होता, त्यामुळे जंतू अंगात होतेच. दुसरी निशिगंधा, नोव्हेनाच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. रावसाहेबांचा आखडलेला खांदा ती सोडवत होती, आणि खांदा सुटेपर्यंत या गृहस्थांनी तिला सगळा खेळ समजावून सांगितला. सामने सिंगापूरच्या मध्यरात्री व्हायचे. अमेय ते रेकॉर्ड करून ठेवी, आणि सोमवारी कामावर जाण्याआधी तिघं त्याच्याकडे जमत. सामना पाहून होईपर्यंत फोनला हात लावायचा नाही, हा नियम. रावसाहेब पहिल्या गाडीने जुराँग ईस्ट, तिथे बदलून चोआ चू कांग. डोळे चोळत जायचे आणि पडेल चेहऱ्याने परत यायचे.

त्या वर्षी, म्हणजे २०१५-१६च्या सुमारास, संघ इतका हरला की अमेयचा धीर सुटला.

"सर, हौस मलाही आहे," तो म्हणाला, "पण अपमानाला काही लिमिट? घरात दुसरं बाळ येतंय, अश्लेषा विचारते, सोमवारी उठून रडायला कशाला बसतोस? आता एकच. या ड्राफ्टला फळीतला माणूस घेतला तर मी पुढच्या वर्षी आहे. नाही घेतला तर रामराम."

"मी पण," निशिगंधा म्हणाली.

"मान्य," रावसाहेब हसून म्हणाले.

हे मला समजायला वेळ लागला, म्हणून तुम्हालाही सांगते. त्या खेळात वर्षातून एकदा नव्या, कॉलेजातून आलेल्या खेळाडूंची निवड होते, आणि सगळ्यांत जास्त हरलेल्यांना आधी निवडायला मिळतं. हाच तो ड्राफ्ट. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी, कबड्डीतल्या चढाईबहाद्दरासारखा. पण त्याच्यापुढे धिप्पाड माणसांची फळी लागते. ती धक्के खाते, वाट करून देते, मग हा पळतो. रावसाहेबांच्या संघाला फळीच नव्हती. जी होती ती पहिल्या धक्क्याला आडवी व्हायची. तरी संघाचे मालक दर दोन-चार वर्षांनी एखादा देखणा पळणारा घेऊन यायचे, कारण पळणाऱ्याचे फोटो छापून येतात. मला यात काही नवल वाटलं नाही. नायकाला जरीचा कोट शिवायचा आणि मागे उभं राहायला माणसंच ठेवायची नाहीत, अशा नाटक कंपन्यांत मी कामं केली आहेत.

"या वेळी नाही चुकणार ते," रावसाहेब मला लिफ्टपाशी म्हणाले. "एवढा मोठा गडी आलाय या वर्षी, ताई, भिंत आहे भिंत! आंधळाही त्यालाच घेईल." मग म्हणाले, "लॅबमध्ये मला सगळे डॉक्टर गजभिये म्हणतात. 'ओ सर, सरका, टीव्ही दिसत नाही' असं म्हणणारी दोनच माणसं आहेत मला या गावात."

त्यांनी मलाही ड्राफ्ट बघायला अमेयकडे बोलावलं. अमेरिकेतली गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आपली शुक्रवारची सकाळ. अमेयने रजा टाकली होती, निशिगंधाने दुपारची पाळी मागून घेतली होती. रावसाहेबांनी आदल्या दिवशी घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात पाटोडीचा रस्सा केला होता. तो डबा मांडीवर घट्ट धरून ते गाडीत बसले होते, आणि वास आला की समोरच्या बायका नाक वर करून बघत होत्या. दुसऱ्या हातात एक कागदी पिशवी. "यात काय?" विचारलं तर नुसतेच हसले.

त्यांचा एक रिवाज होता. आपल्या संघाचं नाव पुकारेपर्यंत कुणी तोंडात घास घालायचा नाही.

"सर, एरवी आमच्या चतुर्थीला हसता," अमेय म्हणाला, "आणि हा उपास बरा कडक चालतो!"

"हा उपास नाही, ही शिस्त आहे."

"शिस्तीने पोटात कावळे ओरडतायत," निशिगंधा म्हणाली. "काकू, तुम्ही तरी खा."

"छे गं, पडदा वर जायच्या आधी मी कधीच खाल्लं नाही," मी म्हटलं.

टीव्हीवर मोठं व्यासपीठ, दिवे, गर्दी. एकेक पोरगा नव्याकोऱ्या सुटात आईवडिलांशेजारी बसलेला. पहिल्या तीन संघांनी आपापले गडी निवडले आणि ती भिंत तशीच उरली. चौथा नंबर यांच्या संघाचा. अमेय उभाच राहिला. "सर! सर, राहिला की तो!" निशिगंधाने उशी छातीशी धरली. रावसाहेबांनी चष्मा वर ढकलला. त्यांच्या ओठांवर हसू फुटायला लागलं होतं, आणि मला, बाहेरच्या बाईला, त्या क्षणी वाटलं की देवा, यांचं एकदा तरी होऊ दे.

व्यासपीठावरच्या माणसाने चिठ्ठी वाचली.

रनिंग बॅक.

मग निशिगंधा हसायला लागली. ते हसणं बरं नव्हतं. अमेयने रिमोट सोफ्यावर टाकला. आणि रावसाहेब, जे माझ्याशी कायम पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलायचे, ते एकदम वर्ध्याला पोचले. "काहून?" ते टीव्हीला म्हणाले. "काहून घेतला रे बाप्पा याले? कोन वाट काढून देनार याले?"

"गुडघा बघा त्याचा," निशिगंधा म्हणाली. पडद्यावर त्या पोराच्या कॉलेजातल्या धावा दाखवत होते. "किती छान वळतो. आमच्या टीममध्ये तीन वर्षं टिकेल. मग माझ्यासारखी कुणीतरी त्याला टेबलावर झोपवून विचारेल, इथे दुखतं का?"

"तीन?" अमेय म्हणाला. "दिवाळी बघत नाही हा."

तो मुलगा आईच्या गळ्यात पडून रडत होता. एकवीस वर्षांचं पोर. त्याची आई दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळत होती. कुठल्या कंपनीत चाललाय हे त्या बिचारीला ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

अमेयची बायको अश्लेषा आतून आली. तिला आवाजावरून वाटलं की काहीतरी चांगलं झालं. "घेतला का? मग आता वाढू?" तिने ताटल्या ठेवायला टेबलावरची कागदी पिशवी उचलली, तर ती उलटली. आतून तीन टी-शर्ट पडले, संघाच्या रंगाचे. तिने एक उलगडून धरला. पाठीवर त्या भिंतीसारख्या पोराचं आडनाव छापलेलं होतं. रावसाहेबांनी पेनिन्सुला शॉपिंग सेंटरजवळच्या दुकानातून आधीच छापून आणले होते, तिघांच्या तीन मापांचे. धातूचा तुकडा तुटेपर्यंत निकाल न लिहिणारा माणूस, पण इथे निकालाच्या आधी कापड छापून मोकळा झाला होता.

अमेयने ते नाव वाचलं. चिडवायला त्याने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं, पण त्याने ते मिटलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "अहो, काय हे."

"घरात घालायला होतील," रावसाहेब म्हणाले.

रस्सा कुणी फारसा खाल्ला नाही. निशिगंधाने बळेच दोन पाटोड्या घेतल्या, उत्तम झाल्यात म्हणाली आणि बस गाठायची म्हणून निघाली. दारात वळून म्हणाली, "सर, मी सांगितलं होतं ना... म्हणजे, राग नका मानू. मला आता सोमवारची ही धडधड नाही सहन होत."

"नाही नाही, ठरलंच होतं आपलं," रावसाहेब म्हणाले.

अमेय आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेभर तो बाळाबद्दल, शाळांबद्दल बोलत राहिला. फाटकाशी मात्र त्याने रावसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला. अमेयला मी दोष देत नाही. घरात दोन बाळं, डोक्यावर नोकरी, आणि सोमवारी पहाटे दूरदेशीच्या संघासाठी जीव जाळायचा, हे किती वर्षं करायचं माणसाने?

"तुम्ही पण सोडा, सर," तो म्हणाला. "माझ्याबरोबर इंग्लंडवाल्यांच्या मॅचेस बघू. शनिवारी संध्याकाळी असतात, माणसासारख्या वेळेला. आमचा क्लब जिंकतो पण."

"बघू," रावसाहेब म्हणाले.

बघितलं त्यांनी. जूनमध्ये बारसं झालं, ऑगस्टमध्ये तिकडचे सामने सुरू झाले, आणि एका शनिवारी ते गेलेसुद्धा. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं?

"जिंकले," ते म्हणाले. "छान खेळतात. मॅच संपली आणि सगळे लगेच जेवायला बसले."

पुढे बोलवणी यायची, पण यांना प्रयोगशाळेत काम निघायचं.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी आमची बेल वाजली. रावसाहेब दारात, काखेत लॅपटॉप. "ताई, वेळ आहे का थोडा? रात्रीचा सामना आहे. स्कोअर पाहिलेला नाही." स्मिता ऑफिसला गेली होती. मी जेवणाच्या टेबलावरची भाजी बाजूला केली आणि आम्ही दोघं त्या छोट्या पडद्यापुढे बसलो. चित्र मधेच गोठायचं, पुन्हा चालायचं.

तो नवा मुलगा खेळत होता. चेंडू त्याच्या हातात दिला, त्याने एक पाऊल टाकलं, आणि समोरची फळी त्याच्याच अंगावर कोसळली. उठला. पुन्हा चेंडू. या वेळी पाऊलही टाकू दिलं नाही. उठला, गवत झटकलं, चेंडू पंचाकडे दिला. तिसऱ्यांदा तो उजवीकडे असा काही वळला की माझ्या तोंडून वाहवा गेली. तिथेही तीन माणसं उभीच होती.

"पोट्टा चांगला आहे, ताई," रावसाहेब म्हणाले. "खरंच चांगला आहे."

"हो ना."

"अमेय आत्ता काय म्हणाला असता माहितीये? 'याला आता घरी पाठवा, आई वाट बघतेय.' आणि निशिगंधाने गुडघा धरला असता." ते हसले, माझ्याकडे बघून. मी हसायला हवं होतं. मला त्या जागा कळत होत्या, पण त्या भरायला मी अपुरी होते. माझं वय, माझं अज्ञान, माझी निवडलेली भाजी. मी म्हटलं, "चहा टाकते."

"नको." मध्यंतर झालं होतं. संघ मागे होता, पण फार नाही. रावसाहेब पडद्यावरच्या जाहिरातींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं, मला हा संघ आवडतो. तसं नाही हो. मला एकट्याने हरता येत नाही, बस."

आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. अर्धा सामना शिल्लक असताना. ज्या माणसाने इतकी वर्षं शेवटची शिट्टी होईपर्यंत खुर्ची सोडली नाही, तो उठला, खुर्ची आत सरकवली, पायांत चपला घातल्या.

"पुढचं नाही बघायचं?"

"नाही. तुम्हीही नका बघू." दाराशी ते थांबले. "अमेयचा किंवा निशिगंधाचा फोन आला, काय झालं म्हणून, तर सांगा, सरांनी पाहिला नाही."

मी बरं म्हटलं. त्या दिवशी मी फोन हाताशीच ठेवला होता, आणि पुढचे कितीतरी सोमवार ठेवत राहिले. कुणी विचारलं नाही.