पियानोच्या जागी रेडिओ

“दूर बस वं. पापडवर सावली पडस तुनी.”

मालकीणबाईंनी हे मला भर अंगणात, दहा बायांसमोर सांगितलं. मी तेव्हा एस.वाय.बी.ए.ला होते. हातात इंग्रजी पुस्तक होतं. मी मुकाट उठले आणि चार हात मागे, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले. तिथून घसा ताणून वाचावं लागायचं. वाचलं.

ऐंशीच्या दशकातलं सांगते. सोनगीरपासून कोसभर आत आमचं गाव. आबा, म्हणजे माझे वडील, त्या मालकीणबाईंच्या नवऱ्याकडे, नानांकडे सालदार होते. अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत मालकाच्या शेतात, गोठ्यात मरमर राबायचं. बावीस आखाज्या आबा त्याच दारात. आम्ही बौद्धवाड्यातले. एसटीनं धुळ्याला कॉलेजात जाणारी वाड्यातली पहिली पोरगी मी.

नानांची मुलगी माझ्याच वयाची. तिला मी ताई म्हणायचं, तिनं मला अगं-तुगं. तिला कॉलेजात धाडत नव्हते. घरी बसून बाहेरून बी.ए. चाललं होतं, कारण स्थळांना पदवीधर पोरगी पाहिजे होती. तिच्या अभ्यासाला इंग्रजीत भाषांतर केलेल्या दोन रशियन गोष्टी होत्या. ताईंना वाचता चांगलं यायचं, पण जिवावर यायचं. म्हणून मला बोलावणं आलं. शिकवायला नाही हं. ‘वाचून दाखवायला.’

दिवस पापडांचे. बाया उडदाचे पापड लाटायच्या, मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची आणि लगेच अहिराणीत सांगायची. बाया लाटणं विसरायच्या. “माय वं! मंग काय व्हयनं?” दोन गोष्टी आठवड्यात संपल्या. बायांना आणखी पाहिजे होत्या. मग मी माझं पुस्तक आणलं. धुळ्यात एका हॉलमध्ये रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद आणि किंमत दोन वेळच्या भज्यांएवढी. आयुष्यात स्वतः घेतलेलं ते माझं पहिलं पुस्तक.

बर्फ मी कधी पाहिला नव्हता. पण त्या गोष्टींतला कुळवाडी टोपी काढून मालकासमोर उभा राहायचा, तेव्हा त्याचे गुडघे कसे वाकत असतील हे मला कुणी सांगायला नको होतं. आबा तसेच उभे राहायचे.

लाज वाटते, पण खरं सांगते. मला ते वाचणं आवडायचं. पिठाला माझा हात नको, पापडावर सावली नको, पण माझा आवाज त्यांना चालत होता. मला वाटायचं, मान मिळतोय. कसला मान! फुकटचा रेडिओ मिळाला होता त्यांना.

रेडिओवरून आठवलं. आमच्या घरात रेडिओ नव्हता आणि आबा तो येऊही देत नव्हते. डोकं उठतं म्हणायचे. चहाच्या टपरीवर गाणं लागलं की अर्धा कप टाकून उठायचे. आम्ही हसायचो त्यांना.

आखाजीला चार दिवस होते. नाना ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. मी नवी गोष्ट काढली. एका जमीनदाराची घोडी मरते. तो राखणदाराला तबेल्याच्या खांबाला बांधतो आणि चाबकानं फोडतो. राखणदार ओरडतो. घरात पाहुणे असतात, म्हणून जमीनदारीणबाई पियानो जोरात वाजवायला लावते. किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून.

आता जमीनदार, राखणदार हे अहिराणीत कसं सांगू? मी मालक म्हटलं, सालदार म्हटलं. घोडीला घोडीच म्हटलं. पियानोपाशी अडले. पियानो बायांनी कुठं पाहिलेला? म्हटलं, “मालकीननी रेडिओ मोठा करा.”

दहाही लाटणी थांबली. एकदम.

मला वाटलं, गोष्ट रंगली! मी आणखी रंगात आले. चाबूक कसा बसतो, कातडी कशी उलते, हात हलवून हलवून सांगायला लागले. मालकीणबाई उठल्या. हातातली लाटी तशीच घेऊन आत गेल्या.

झोपाळ्याची कडी वाजली. नाना अंगणात उतरले. माझ्या हातातून पुस्तक हिसकलं आणि त्याच पुस्तकानं माझ्या तोंडावर हाणलं. जाड पुठ्ठ्याचा कोपरा ओठावर बसला. समोरचा दात हलला. दुसरा फटका कानावर. तिसरा कुठं, ते आठवत नाही. मग केस धरून त्यांनी मला उभं केलं.

“तुना बापनी सांगं ना तुले? तोंड उघडं ना त्यानी?”

मला काही कळेना. कसलं तोंड? कुणी काय सांगितलं? मी म्हटलं, “पुस्तकमा शे, नाना.”

“हाई पुस्तकमा नही शे!”

आबा गोठ्यातून धावत आले. शेणानं भरलेले हात. नानांनी पायातली वहाण काढली आणि आबांना मारायला सुरुवात केली. तोंडावर, डोक्यावर, जिथं बसेल तिथं. आबांनी हात वर केला नाही. आणि माझ्याकडे बघेनात. त्या न बघण्यातून मला पहिल्यांदा कळलं, हे आबांवरच झालं होतं, इथंच. घोडी नव्हती. बैल असेल. पण खांब होता, चाबूक होता. आणि रेडिओ होता.

नाना धापा टाकत थांबले. म्हणाले, पोरीनं सगळ्यांसमोर म्हणावं की हे मी मनानं रचलं. नाही तर आखाजीपासून दुसरं दार बघा.

आबा म्हणाले, “सांगी दे, माय. खोटं शे, सांगी दे.”

मी ताईंकडे बघितलं. त्या ओसरीच्या पायरीवर होत्या. म्हटलं, “ताई, तुम्हाला इंग्रजी येतं. पान उघडा. वाचा.”

नानांनी पुस्तक त्यांच्याकडे फेकलं. ताईंनी ते पान काढलं. बोट फिरवत वाचलं, अगदी खालपर्यंत. मी त्यांचे ओठ हलताना बघत होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

“नाना, यात रेडिओ नाहीये.”

एवढंच. खोटं एक अक्षर बोलल्या नाहीत. शिकलेलं माणूस कसं मारतं ते मी त्या दिवशी शिकले. वहाणेचे वळ जातात.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ताई आणि माझ्यामध्ये अंगणभर धोतरांवर पापड पसरलेले होते. कडेनं वाट होती. मी कडेनं गेले नाही. पापडांवरून चालत गेले. ओले पापड तळव्यांना चिकटत होते, वरून ओठातलं रक्त टपकत होतं. बाया ओरडायला लागल्या. माझी सावली नको होती ना? घ्या, आता पाय घ्या.

मी ताईंच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. नाना वहाण उगारून आले. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हलणाऱ्या दातासकट कचकन चावले. वहाण पडली. दात तिथंच पडला.

“रेडिओ मना शे,” मी म्हटलं; तेवढा माझा होता. तोंडातून रक्त आणि शब्द सोबतच येत होते. “बाकी बठ्ठं पुस्तकमा शे.”

घरी गेल्यावर मी आबांची बंडी वर केली. पाठीवरचे ते वण मी लहानपणापासून बघत आले होते. गाडीवरून काटेरी कुपाटीत पडलो, असं सांगायचे. एका बाजूनं, एकसारखे, एकाखाली एक. कुपाटी अशी ओरबाडत नाही, हे एवढं शिकूनही मला कधी सुचलं नव्हतं. आबांनी सांगितलं. मी तीन वर्षांची होते. कोवळी ज्वारी खाऊन बैल मेला होता. “गानं चालू व्हतं,” म्हणाले.

मी त्यांना विचारलं, तेव्हा कुणाला का सांगितलं नाही, आज नानांचा हात का धरला नाही? ते रडले. मी विचारायला नको होतं. पण मी रडले नाही, आणि त्यांना उगी उगी म्हटलं नाही.

आखाजीला दार सुटलं. आबा धुळ्यात हमाली करत गेले. ताई पदवीधर झाल्या, चांगल्या घरात पडल्या. मी इंग्रजीची मास्तरीण झाले. समोरचा दात अजून बसवलेला नाही. बसवणारही नाही. पोरं विचारतात, तेव्हा सांगते.

त्या दिवसानंतर मी कुणाच्या अंगणात खाली बसून वाचलेलं नाही. वाचते ती उभी राहून. आणि दुसऱ्यांच्या गोष्टींत आमचं दुःख शोधत बसायचे दिवस माझे संपले. आता आमचं आम्ही लिहायचं. खांब लिहायचा, चाबूक लिहायचा, बांधणाऱ्याचे हात लिहायचे आणि आवाज मोठा करणारीची बोटंही लिहायची. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

ताई, तुम्हाला वाचता येतं. हे पान उघडा. बोट फिरवा, अगदी खालपर्यंत. आणि आता सांगा तुमच्या नानांना.

यात रेडिओ आहे.