वहिनींचा परवाना

वहिनींनी घरांच्या एजंटचा परवाना काढला तो निव्वळ दिराची जिरवण्यासाठी. कोणी विचारलं तर त्या स्वतःच्या पायांवर उभं राहण्याचं वगैरे सांगत. ते साफ खोटं.

धाकट्या दिराचा घरं विकून आणि भाड्याने देऊन दलाली घेण्याचा धंदा. त्यात अकरा वर्षं घरं दाखवायचं काम वहिनींचं. गिऱ्हाइकाच्या अर्धा तास आधी जायचं, खिडक्या उघडायच्या, नळातलं गढूळ पाणी वाहू द्यायचं, मेलेली झुरळं उचलायची. कुठल्या भिंतीला ओल येते, कुठली शेजारीण कटकटी, सगळं त्यांना तोंडपाठ. दीर उगवायचा तो सहीच्या वेळी, अत्तर फासून.

एकदा सहीच्या टेबलावर एका निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं, झोपायच्या खोलीत ओल आहे का? होती. वहिनी तोंड उघडणार, तोच दीर म्हणाला, "त्यांना काय विचारता? त्या फक्त कुलपं उघडतात. परवाना माझ्याकडे आहे."

हेडमास्तर हसले. ते हसणं वहिनींच्या जिव्हारी लागलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, धाकटा आहे. लग्न झाल्यापासून त्या जाऊच देत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता त्यांनी परीक्षेचा फॉर्म भरला.

वय अठ्ठेचाळीस. मिक्सरला टेकवलेलं पुस्तक आणि पुढ्यात चिरायची भाजी, असा अभ्यास सुरू झाला. खोटी जाहिरात या कलमापाशी दिराचा चेहरा, दोष लपवणे या कलमापाशी पुन्हा तोच चेहरा. अख्खा कायदा याच माणसासाठी लिहिलाय याची त्यांना खात्री पटली.

आणि त्या दोन गुणांनी नापास झाल्या. शिक्षांच्या नऊ प्रश्नांपैकी नऊच्या नऊ चुकले होते. कुठलाही गुन्हा असो, चार पर्यायांतली सगळ्यात कडक शिक्षा त्यांनी ठोकून दिली होती. कायदा दंडावर भागवत होता, वहिनी माणसाला सरळ आत टाकत होत्या. नवरा हसून हसून बेजार झाला, म्हणून दोन दिवस त्याच्याशी अबोला. दिराने तर ही बातमी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवली. वहिनी मुकाट्याने कुलपं उघडत राहिल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दिराला तेवढे दोन तास डोक्याबाहेर बसवलं. पन्नासात चव्वेचाळीस. महिनाभराने परवाना हातात आला. घरी तो दोनदा वाचला, नवऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला, आणि लगेच त्या घरमालकांच्या भेटीला निघाल्या.

बहुतेक मालकांना दीर फोनवरच्या आवाजापुरता ठाऊक. खिडक्या उघडणारी, पावसापूर्वी गच्चीची गळती कळवणारी बाई वहिनी. आठवडाभरात सतरापैकी अकरा मालकांनी लिहून दिलं की यापुढे आमची जागा या बाई बघतील. वहिनींना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्या त्यांनी लपवल्याही नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांनी दिराच्या टेबलावर एकेक पत्र ठेवलं आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून त्या त्या घराची किल्ली काढून घेतली. सहाव्या पत्राला त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दहाव्याला तो म्हणाला, "वहिनी, घरच्या माणसाशी असं वागतात?"

"घरात घरची, धंद्यात धंद्याची," वहिनी म्हणाल्या, आणि अकरावं पत्र त्यांनी त्याच्या हातातच दिलं.

ते होतं वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचं, म्हणजे या ऑफिसच्या मालकाचं. भाडेकरार महिनाअखेर संपत होता. दर खेपेला तो वहिनी नवा करून आणत. या खेपेला दिराच्या ते गावीही नव्हतं. शिंप्याने जागा दुसऱ्याला द्यायचं ठरवलं होतं आणि गिऱ्हाईक शोधायचं काम वहिनींना दिलं होतं.

दिराने पत्र दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच उठून त्याने वहिनींसाठी खुर्ची ओढली.

त्या बसल्या नाहीत.

"उद्या अकराला जागा बघायला माणसं येतील, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी साडेदहालाच येईन, खिडक्या उघडायला. तेवढं टेबल आवरून ठेवा."